सभागृह तहकूब, सार्जंट हजर

"सार्जंट, तुम्ही निश्चिंत या! तुमच्या मुलाच्या गौरवाला अख्खं सभागृह हजर असेल!"

हे वाक्य मी फोनवर बोललो. मी! हॉटेलात गार सूप पुढ्यात आलं तरी 'वा, छान!' म्हणून मुकाट्याने पिणारा माणूस! फोन ठेवल्यावर मी मागे वळून पाहिलं, की हे नक्की कोण बोललं? मागे पुस्तकांचं कपाट होतं. म्हणजे मीच.

मी वॉशिंग्टनमध्ये खासदार लायल ब्रॅनिगन यांची भाषणं लिहितो. मी लिहायचं आणि त्यांनी बोलायचं, ही वाटणी मला फार मानवते. साहेबांचं वय एक्याऐंशी, आवाज तोफेसारखा आणि कान त्याच तोफेशेजारी आयुष्य काढल्यासारखे. माझं वय त्यांच्याहून थोडं कमी आणि आवाज, बायको म्हणायची, ग्रंथालयात लपलेल्या उंदरासारखा.

तर, गौरव होता कर्नल वेंडल हास्केट यांचा. लष्कर आणि खासदार यांच्यातला दुवा, ही त्यांची नेमणूक. लष्कराला खासदारांची भाषा कळत नाही आणि खासदारांना लष्कराची. मध्ये हास्केट. कुणा खासदाराला रणगाडे कमी का झाले ते हवं असतं, कुणाच्या मतदारसंघातल्या आईला मुलाचं तीन महिन्यांत पत्र नसतं, कुणी परदेश दौऱ्यावर गेला की त्याची बॅग भलत्याच खंडात पोचते. सगळे एकच वाक्य म्हणतात, "हास्केटला विचारा." आता त्यांची बदली कोलोरॅडोला झाली होती. निघताना अशा माणसाबद्दल सभागृहात एक मिनिट चार चांगले शब्द बोलायचे, असा इथला रिवाज आहे. ते एक मिनिट लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी त्या एका मिनिटाचे अकरा मसुदे केले. पहिल्यात 'कर्नलचे सर्व खासदारांशी घनिष्ठ संबंध होते' असं लिहिलं. वाचलं. घाबरून खोडलं. दुसऱ्यात 'सर्व खासदारांना त्यांनी जवळ केलं' असं लिहिलं. ते त्याहून घाबरून खोडलं!

मग वाटलं, वडिलांना बोलवावं. सार्जंट ओर्विल हास्केट, वय नव्वदीला टेकलेलं, निवृत्त छत्रीधारी सैनिक, मुक्काम नेब्रास्का. मी फोन लावला.

"कर्नलचा गौरव? कसला गौरव?" पलीकडून आवाज आला. "तो कर्नल तिथे करतो काय? दारं उघडतो आणि कोट धरतो. आमच्या पलटणीत याला दारवान म्हणायचे."

"नाही हो, सार्जंट! त्यांचं काम फार…"

"किती माणसं असतील ऐकायला?"

इथे मी ते ऐतिहासिक वाक्य बोललो.

कर्नलना सांगितलं तर ते मटकन खुर्चीत बसले. युद्धावर जाऊन आलेला माणूस! म्हणाले, "आल्विन, मी या नेमणुकीवर आल्यापासून बाबांनी मला एकदाही 'माझा पोरगा' म्हटलेलं नाही. दुकानात ओळख करून देतात तीसुद्धा 'हा कर्नल आहे, वॉशिंग्टनला दारं उघडतो' अशी. त्यांना एवढंच कळलं पाहिजे की मी इथे कोट सांभाळत नव्हतो."

"अहो, काळजीच सोडा!" मी म्हणालो. सलग दुसऱ्यांदा मी! माणसाला एकदा फुशारकीची चटक लागली की आवरत नाही.

आता सभागृहाबद्दलची एक गोष्ट सांगायला हवी, जी मी सार्जंटना सांगितली नव्हती. सकाळी ही एकेका मिनिटाची भाषणं होतात, तेव्हा सभागृहात कुणीही नसतं. बोलणारा असतो, अध्यक्षांच्या खुर्चीत पाळीपाळीने बसवलेला कुणीतरी असतो आणि आपला नंबर कधी लागतो म्हणून घड्याळ बघणारा तिसरा असतो. कॅमेरा फक्त बोलणाऱ्याच्या तोंडावर असल्याने घरी बसलेल्यांना वाटतं, समोर राष्ट्र बसलंय. समोर खुर्च्या बसलेल्या असतात.

मी मनाची समजूत घातली. 'सभागृह हजर असेल' असं मी म्हणालो होतो. सभागृह हजर असतंच! भिंती, खुर्च्या, झेंडा, सगळं जागच्या जागी. पण नव्वदीच्या छत्रीधारी सैनिकाला हे व्याकरण समजावणार कोण?

गुरुवार उजाडला. सार्जंट पहाटे बसने येऊन थडकले होते. एवढ्या लांबून बसने का, तर म्हणे, "ज्या विमानातून उडी मारू देत नाहीत, त्यात मी बसत नाही." ताठ कणा, पलटणीची टोपी, आणि नजर अशी की मी नकळत कोटाची बटणं लावली. कर्नलनी त्यांचा दंड धरला, तर ते म्हणाले, "सोड. दार उघडायचं असेल तर उघड."

दोघं वरच्या गॅलरीत जाऊन बसले. आता आमची गॅलरी म्हणजे शाळेहून कडक. टाळी वाजवायची नाही, टोपी घालायची नाही, कठड्यावर रेलायचं नाही. सार्जंट बसले, टोपी घालून कठड्यावर रेलले आणि पहाऱ्यावरच्या माणसाने दोन मिनिटांत दोनदा हटकलं. खालच्यांनाही नियम आहेच. गॅलरीत बसलेल्या कुणाचाही भाषणात उल्लेख करायचा नाही. म्हणजे ज्याचा गौरव, तो समोर बसलेला असूनही 'तो बघा!' म्हणायची सोय नाही.

सार्जंटनी खाली पाहिलं. रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. आणि खणखणीत आवाजात कर्नलना विचारलं, "हे काय, सगळे मेले का?"

ते मला खालून, कोटाच्या खोलीच्या दारातून ऐकू आलं. सभागृहाला लागून ही खोली आहे. नाव कोटाची खोली, पण तिथे कुणी कोट ठेवत नाही. तिथे सगळे अफवा ठेवतात आणि जाताना दुसऱ्याची घेऊन जातात. खोली सांभाळते ओडेसा प्रुइट. तिच्यासमोर टेलिफोन असतात आणि ती बोलली की चारशेवर खासदारांच्या खिशातली यंत्रं गुरगुरतात.

"ओडेसा," मी काकुळतीला येऊन म्हणालो, "खासदारांना आत्ताच्या आत्ता आत कसं आणता येईल?"

"फुकट जेवण ठेव."

"थट्टा नको गं!"

"मग घंटा वाजव. मतदानाची घंटा झाल्याशिवाय हे लोक घराला आग लागली तरी उठायचे नाहीत. कुणीतरी उठून तहकुबीचा ठराव मांडावा, मतविभागणी मागावी, की आले सगळे धावत!" आणि ती खो-खो हसली.

मीही भिडेखातर हसलो. मागे साहेब उभे होते. ते हसले नाहीत. ज्या माणसाला 'आज हवा छान आहे' तीनदा ओरडून सांगावं लागतं, त्याला नेमकं हे वाक्य पहिल्या झटक्यात ऐकू आलं!

"उत्तम कल्पना आहे, आल्विन!" ते गरजले आणि निघाले.

"साहेब! अहो साहेब! तो विनोद होता!"

"हो हो, तू काळजी करू नकोस!"

साहेब व्यासपीठावर पोचले. माझा अकरावा मसुदा त्यांनी समोर ठेवला, प्रेमाने सरळ केला आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सभागृह आत्ता तहकूब करावं असा ठराव मी मांडतो!"

अध्यक्षांच्या खुर्चीतल्या गृहस्थांचा चष्मा नाकावरून घसरला. साहेब त्यांच्याच पक्षाचे! त्यांनी घाईघाईने आवाजी मतदान घेतलं. 'होय' म्हणणारे साहेब, 'नाही' म्हणणारा तो तिसरा, घड्याळवाला. अध्यक्ष म्हणाले, "ठराव नामंजूर…"

"मतविभागणी!" साहेब.

मतविभागणी मागायला हजर असलेल्यांपैकी पाचव्या हिश्श्याचा पाठिंबा लागतो. हजर तिघे. साहेब एकटेच तिसरा हिस्सा!

घंटा वाजल्या. नुसत्या सभागृहात नाही. प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक जिन्यात, न्हाव्याच्या दुकानात, भुयारी गाडीत. जणू संसद उभी आहे त्या अख्ख्या टेकडीच्या दातात कळ आली होती. ओडेसाचे फोन एकदम केकाटायला लागले.

"आल्विन! काय झालं? तहकुबी कशासाठी? सगळे विचारतायत!"

आता अशा वेळी शहाणा माणूस एक पूर्ण वाक्य बोलतो. माझ्या तोंडून मात्र जे शब्द बाहेर पडले ते असे:

"कर्नल हास्केटचे… वडील…"

ओडेसाचा हात छातीवर गेला. "अगं बाई! कधी?"

"आज पहाटे."

"कसे रे?"

"बसनं," मी म्हणालो.

"बसनं!" ती किंचाळली. आणि मी काही बोलायच्या आत तिने सगळे फोन एकदम उचलले.

वाचकहो, इथे एक खुलासा. आमच्याकडे कुणी थोर माणूस गेला की त्याच्या सन्मानार्थ सभागृह तहकूब करतात. आपल्यालाही ही चाल ठाऊक आहेच. मी सांगत होतो की वडील आलेत. ओडेसाने ऐकलं की वडील गेले. आणि तेही बसखाली!

मग जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. दारं धाडधाड उघडली. पहिले आले ते गळ्याला रुमाल बांधलेले, हातात घेवड्याच्या सूपचा चमचा तसाच. दुसरे आले ते अर्धी दाढी साबणात. गुरुवार असल्याने विमान पकडायच्या तयारीतले बॅगा ओढत आले. प्रत्येक जण रागाने लालबुंद होऊन येई, "कोण आहे तो गाढव?" असं दारातच विचारी. मग कुणीतरी कानात कुजबुजे आणि गाढव बाजूला राही.

"हास्केटचे वडील? आपल्या हास्केटचे?"

"बसखाली म्हणे."

"अरेरे! आणि तरी तो माणूस आज कामावर आला!"

आणि ठरावाच्या बाजूने मत टाकत. दोन्ही पक्ष! एकाच बाजूने! फलकावर हिरवे दिवे असे लागत गेले की मला वाटलं यंत्र बिघडलं. साहेब व्यासपीठावर तसेच उभे, चेहरा आनंदाने फुललेला. त्यांना वाटत होतं, हे सगळे आपलं भाषण ऐकायला आलेत.

एवढ्यात खासदार कॉर्डेलिया टॅल्बट यांची नजर वर गेली. या टॅल्बटबाई म्हणजे विरोधी पक्षाची धारदार सुरी. साहेबांशी त्यांचं गेल्या नाताळापासून बोलणं बंद होतं. त्यांनी गॅलरीत कर्नलना पाहिलं, ऊर भरून आला आणि त्या उठल्या.

"अध्यक्ष महोदय, तो वर गॅलरीत आपला…"

धाड! हातोडा आपटला. "सदस्यांनी गॅलरीत बसलेल्या कुणाचाही उल्लेख करू नये!"

झालं! ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनीही मान वर केली. चारशे माना एकदम! कुणाचा उल्लेख करायचा नाही, ते सगळ्यांनी नीट पाहून घेतलं. मग एक जण उभा राहिला. दुसरा राहिला. रुमालवाले राहिले, साबणवाले राहिले, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं, शांत. सूपचा चमचासुद्धा खाली घेतलेला.

"हे उभे का राहिले?" वरून सार्जंटचा आवाज आला. त्या शांततेत तो छतापर्यंत गेला.

"कळत नाही, बाबा," कर्नल म्हणाले.

निकाल लागला. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर. "सभागृह तहकूब!" धाड!

"अध्यक्ष महोदय, चार वर्षं एका माणसाने…" साहेबांनी माझ्या मसुद्याला हात घातला. ध्वनिक्षेपक बंद झाला होता. माझा अकरावा मसुदा साहेबांच्या तोंडातच निवृत्त झाला.

मी जिवाच्या आकांताने वरच्या मजल्यावर धावलो. सार्जंटना कुणी काही बोलायच्या आत गाठायला हवं होतं. पोचलो तोवर गॅलरीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खासदारांची रांग लागली होती. कर्नलना मिठ्या मारून पुढे सरकत होते आणि पुढे सार्जंट उभे होते, टोपी काखेत.

"तुम्ही घरचेच ना?" टॅल्बटबाईंनी सार्जंटचा हात हातात घेतला. "तोंडावळा अगदी तोच आहे. माणूस फार मोठा होता हो."

"होता? अजून आहे की!" सार्जंटनी कर्नलकडे मान उडवली.

"खरंय. असे लोक आपल्यातच असतात." बाईंनी डोळे टिपले. "आता कुठे नेणार?"

"कोलोरॅडोला. सोमवारी नेतायत."

"अंत्य… म्हणजे, सोबत कोण?"

"बायको-मुलं जातायत की बरोबर!"

"बायको-मुलंही?" बाई भिंतीला टेकल्या. "केवढी मोठी बस होती ती!"

मी पुढे झालो. "बाई, त्याचं असं आहे की…" पण माझा उंदीर त्या गर्दीत कुणाला ऐकू जाणार! आणि खरं सांगू? तेवढ्यात माझं तोंड आपोआप मिटलं. कारण रांगेतले लोक नुसते हात दाबून पुढे जात नव्हते. त्यांना बोलायचं होतं.

"परदेश दौऱ्यात, अम्मानला, माझं इन्सुलिन हरवलं," चमचावाले सार्जंटना सांगत होते. "साखर अशी चढली होती की विचारू नका. यानं एका तासात कुठून पैदा केलं ते त्याचं त्याला ठाऊक. वर म्हणतो, वाच्यता नको, तुमचे मतदार काळजी करतील."

"माझ्याकडे एक बाई यायच्या," अर्धी दाढीवाले म्हणाले. "नवऱ्याचं पदक मिळावं म्हणून थकल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी हात टेकले. हा शेवटी पदक घेऊन स्वतः त्यांच्या दारात गेला. गणवेश घालून."

"तुमच्या घरानं चांगला माणूस दिला," तिसरे म्हणाले.

सार्जंटची टोपी एका काखेतून दुसऱ्या काखेत जात होती.

साहेबांच्या कार्यालयात केक ठेवला होता, टेबलाएवढा, वर क्रीमची छत्री. आम्ही तिथे जमलो. सार्जंट कोचावर बसले. मी आता सगळं सांगून टाकायचं ठरवलं, घसा खाकरला, आणि दार उघडून शिपाई आत आला. त्याच्या हातात ट्रॅक्टरच्या चाकाएवढं फुलांचं चक्र! दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांकडून. त्यावर रेशमी फीत.

सार्जंटनी चष्मा लावून फीत मोठ्याने वाचली. "सार्जंट ओर्विल हास्केट… यांच्या पवित्र स्मृतीस."

केकवरची क्रीमची छत्री तेवढी हळूच खाली बसली.

मी सगळं सांगितलं. वडील, पहाटे, बसनं. कर्नलनी डोक्याला हात लावला. साहेब म्हणाले, "काय म्हणतोय हा?"

सार्जंट हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायले, पुन्हा हसले. मग हळूहळू थांबले. फितीवरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे हे सगळे माझ्यासाठी उभे राहिले?"

"तसंच म्हणायचं," मी म्हणालो.

"या गावात मला काळं कुत्रं ओळखत नाही." ते माझ्याकडे पाहत होते, कर्नलकडे नाही. "जेवण टाकून आले. दाढी टाकून आले. मग कुणाचा बाप म्हणून आले?"

 कर्नल खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"ते भाषण कुठंय?" सार्जंट एकदम म्हणाले. "एवढ्या लांब बसनं आलोय. वाचा."

साहेबांनी कागद माझ्या हातात दिला. "तूच वाच. मला चष्मा सापडत नाही." चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मग मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं मी माझ्या तोंडाने वाचलं. आवाज पहिल्या ओळीला कापला, दुसऱ्या ओळीला सावरला आणि तिसऱ्या ओळीपासून मला चक्क आवडायला लागला! मी हातवारे केले. 'अदृश्य पूल' या उपमेपाशी मी थांबलोसुद्धा, टाळीला जागा ठेवून. टाळी आली नाही. मान वर केली. सार्जंट कोचावर आडवे होऊन गाढ झोपले होते. बिचारे प्रवासाने दमले होते. हात छातीवर जुळलेले, टोपी पायाशी, आणि ते चक्र, ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून, अंगावर.

नेमकं दार हळूच उघडलं. टॅल्बटबाई! डोळे सुजलेले, हातात पांढरी लिली. त्यांनी कोचाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजल्या.

"अगं बाई," त्या कुजबुजल्या, "इथेच आणलंय?" दोन पावलं पुढे आल्या. लिली अलगद चक्रावर ठेवली. "मघा भेटलेल्या भावाचाच तोंडावळा! किती शांत दिसतायत! झोपल्यासारखेच!"

मृताने एक डोळा उघडला.

"बाई," सार्जंट म्हणाले, "केक खाऊन जा. माझ्या पोराचा आहे."

टॅल्बटबाईंना आम्ही खुर्चीत बसवलं, पाणी मारलं, मग केक दिला. कर्नल मात्र बराच वेळ खिडकीबाहेरच पाहत होते. तिथे पाहण्यासारखं काही नाही. समोर वाहनतळ आहे.

माझं भाषण दुसऱ्या दिवशी कामकाजाच्या छापील वृत्तात आलं. बोललं न गेलेलं भाषण बोलल्यासारखं छापायची आमच्याकडे सोय आहे. मी ते तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. कुणी वाचलं तर मला जरूर कळवा.